आपोआप सुधारलेला प्रोग्रॅम

१

अतिदक्षता विभागाच्या भिंतीवर एक मोठा पडदा होता. वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटच्या हृदयाची रेघ त्याच्यावर धावायची, आणि एखादी रेघ बिघडली की अलार्म वाजायचा. त्या दुपारी सगळ्या रेघा सुरेख दिसत होत्या. फक्त त्या धावत नव्हत्या. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळही थांबलं होतं. पण भरलेल्या वॉर्डात पडद्याच्या कोपऱ्याकडे कोण बघत बसतं?

थोरल्या सिस्टर एका पेशंटची कूस बदलून वळल्या, तेव्हा त्यांना खिडकीजवळच्या खाटेवरच्या माणसाचे ओठ निळे पडलेले दिसले. भिंतीवर त्याचं हृदय अजून ठणठणीत होतं.

तो माणूस पोहण्याचा प्रशिक्षक. गावातल्या निम्म्या मुलांना त्याने पाण्यात ढकलून पोहायला शिकवलं होतं. त्याला वाचवता आलं नाही.

संध्याकाळच्या आत हॉस्पिटलला गुन्हेगार सापडला. ती औषध विभागातली एक फार्मासिस्ट मुलगी होती. पेशंटचं वजन आणि औषध भरलं की सलाईनचा वेग किती ठेवायचा ते सांगणारा एक छोटा प्रोग्रॅम तिने लिहिला होता. वॉर्डातलं यंत्र गोठलं त्याच क्षणी तो प्रोग्रॅम त्याच यंत्रावर चालू होता, आणि त्यात चूक होती: वजनाची जागा रिकामी राहिली की त्याचा हिशेब बिघडायचा. चूक आहे हे तिनेही नाकारलं नाही.

प्रशिक्षकाची पत्नी कॉरिडॉरमध्ये तिच्यासमोर उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझा माणूस तुझ्या हातून गेला."

मुलीने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तिला घरी बसवलं. त्यानंतरच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या संचालकांनी माझ्या बहिणीला फोन केला.

२

माझ्या बहिणीला सगळे कर्नल म्हणतात. फौजेशी तिचा काडीचा संबंध नाही. तिने उभा जन्म विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टीम शिकवली, आणि त्यातला जो सगळ्यात आतला भाग, त्याचं नाव कर्नल. वर्गातल्या कुणा टवाळाने ते नाव तिलाच चिकटवलं. आता तर घरी दूधवालासुद्धा विचारतो, कर्नल आहेत का म्हणून.

मी कोर्टात लघुलेखक होतो. लोक जसं बोलतात तसं उतरवून घ्यायचं आणि स्वतःचं मत मध्ये घालायचं नाही, एवढीच माझी विद्या. म्हणून अशा कामांना ती मला सोबत नेते. गाडी चालवायलाही कुणीतरी लागतंच.

संचालक निवृत्तीला टेकलेले सर्जन होते. "उघड केस आहे," ते म्हणाले. "मुलीच्या प्रोग्रॅमने यंत्र पाडलं. चौकशी समितीसमोर जाण्याआधी तुमच्यासारख्या जाणकाराचं मत हवं, इतकंच."

"उघड नाहीये," कर्नल म्हणाली.

"म्हणजे?"

"कर्नल म्हणजे यंत्रातला घरमालक. बाकीचे सगळे प्रोग्रॅम भाडेकरू. त्यांना काही लिहायचं असो, वाचायचं असो, ते घरमालकाकडे मागतात. भाडेकरू वेंधळा निघणार, खोटं बोलणार, नको तिथे भिंत फोडायला मागणार, हे धरूनच कर्नल लिहिलेला असतो. मागणं वेडंवाकडं असलं तर त्याने भाडेकरूला बाहेर काढायचं. घर पडता कामा नये. तुमचं घर पडलं. आणि तुम्ही भाडेकरूला धरून बसलायत."

संचालकांनी चष्मा काढून पुसला. "मग धरायचं कुणाला?"

"ते बघू. आधी मला तो प्रोग्रॅम बिघडवून दाखवा."

३

आम्ही वॉर्डात गेलो. गोठलेलं यंत्र पुन्हा चालू होऊन आपल्या जागी आलं होतं, पण आता त्याच्यावर कुणाची भिस्त नव्हती. प्रत्येक खाटेजवळच्या मॉनिटरचा आवाज पूर्ण वाढवला होता आणि पडद्यापाशी एक नर्स बसवली होती. तिला सांगूनच कर्नलने सलाईनचा प्रोग्रॅम उघडला, वजनाची जागा रिकामी सोडली आणि बटण दाबलं.

प्रोग्रॅमची चौकट पटकन बंद झाली. भिंतीवरच्या रेघा धावतच राहिल्या, किंचित अडखळत. तिने चारपाच वेळा तेच केलं. दर वेळी चौकट बंद, रेघा चालू.

"घरमालक तर जागा आहे," ती माझ्या कानात म्हणाली. "मग त्या दिवशी घर पडलं कसं?"

संगणक विभागाचे प्रमुख आमच्यासोबत होते. नीटनेटका, मृदू बोलणारा माणूस. शर्टाच्या खिशाला लावलेलं पेनसुद्धा काटकोनात.

"त्या प्रोग्रॅमचा काही नेम नाही, मॅडम," ते म्हणाले. "गेल्या महिन्यातच मी तो माझ्या टेबलावरच्या यंत्रावर चालवून पाहिला होता. वजन न भरता. सलाईनचा वेग चक्क उणे आकड्यात दाखवला त्याने. मी तिला तोंडी सांगितलं होतं, हे दुरुस्त कर म्हणून."

"तुमच्या टेबलावरच्या यंत्रात कर्नल कुठला?"

"हाच. सगळ्या हॉस्पिटलमध्ये एकच. बसवला तेव्हापासून त्याला कुणी हात लावलेला नाही."

"आणि हे यंत्र गोठल्यावर कुठे होतं?"

"माझ्या खोलीत. कुलपात. तपासून दुसऱ्या दिवशी परत लावलं."

कर्नलने मान डोलावली. मी लिहून घेतलं. त्या वाक्यांत काही खटकण्यासारखं आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

वॉर्डचे मुख्य डॉक्टर उंच होते आणि घाईत होते. खाटेजवळच्या मॉनिटरांचे आवाज त्यांनीच कमी करून ठेवायला सांगितले होते. "पेशंटला झोप लागत नाही हो त्या कलकलाटात! भिंतीवरचा अलार्म होता ना. यंत्र आहे म्हणूनच विसंबलो."

"पडद्याबद्दल तुमची काही तक्रार होती?"

"होती. रेघा अडखळायच्या. हृदय अडखळतंय की पडदा, हे डॉक्टरला कळायला नको? भर मीटिंगमध्ये मी संगणकवाल्यांना झापलं होतं. मग मॉनिटरच्या कंपनीचा माणूस आला, केबल बदलून गेला, आणि रेघा लोण्यासारख्या झाल्या."

कंपनीचा माणूस अजून गावातच होता. तो स्वतःहून भेटायला आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "मी फक्त केबल बदलली. यंत्राच्या आत मला शिरूही देत नाहीत, त्याचा पासवर्ड संगणक विभागाकडे. आता माझ्यावर ढकलणार आहात का?"

"तुमची केबल अजून तिथेच आहे?"

"तिथेच आहे. बघा हवं तर, आमच्या कंपनीचं सील आहे तिच्यावर."

आम्ही पाहिली. सील शाबूत होतं. कर्नल बराच वेळ त्या केबलपाशी वाकून उभी राहिली. मग सरळ होत म्हणाली, "दादा, ही केबल बदलल्यावर रेघा सुधारल्या असतील, तर आज त्या पुन्हा का अडखळतायत?"

४

फार्मासिस्ट मुलगी बसस्टँडमागे एका खोलीत राहायची. दार तिच्या मोठ्या भावाने उघडलं. आम्हाला आत घ्यावं की नाही, हे त्याचं ठरेना. शेवटी तिनेच आतून हाक मारली.

"तू कधी उणे आकडा पाहिलास?" कर्नलने विचारलं.

"कसला उणे आकडा?"

"वजन न भरता चालवला तर."

"नाही. तेव्हा तो बंदच पडतो. सिस्टरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी म्हटलं, पुन्हा उघडायचा, एवढंच ना. करू सवडीने." तिने लॅपटॉप पुढे ओढला. "सवड मी काढलीच नाही."

"संगणकप्रमुखांनी तुला काही सांगितलं होतं?"

"ते माझ्याशी कधी बोललेच नाहीत."

तिच्या लॅपटॉपवर कर्नलने तोच प्रयोग केला. चौकट बंद. तिने प्रोग्रॅमचा मजकूर उघडून वरपासून खालपर्यंत वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघ. वजन नसलं की तुझा हिशेब उलटा जातो. त्यातून यंत्राच्या मेमरीतला जो पत्ता निघतो तो तुझ्या जागेबाहेरचा. आणि तू कर्नलला सांगतेस, पेशंटची माहिती या पत्त्यावर आणून ठेव. कर्नल पत्ता तपासतो, ही जागा तुझी नाही म्हणतो आणि तुला हाकलतो. आकडा दाखवायची ओळ तर त्याच्याही खाली आहे. तिथपर्यंत तू पोचतच नाहीस."

"म्हणजे उणे आकडा कुणाला दिसूच शकत नाही?"

कर्नलने लॅपटॉप मिटला. "पहारा चालू असेल, तर नाही."

५

थोरल्या सिस्टर आम्हाला कपडे बदलायच्या खोलीत भेटल्या. वीसेक वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई, पण दार लागल्याबरोबर त्यांनी आतून कडीही घातली.

"त्या दुपारी बटण मीच दाबलं होतं," त्या म्हणाल्या. "नवीन पेशंट आला होता. त्याचं वजन माहीत नव्हतं. घाईत जागा रिकामी राहिली. मुलीचं नाव घेतात सगळे, माझं कुणी घेत नाही. मला जेवण जात नाही."

"आधी कधी रिकामी राहिली होती?"

"कितीदा तरी! पूर्वी तो बंद पडायचा. मग मध्यंतरी बरा झाला."

"बरा झाला म्हणजे?"

"बंद पडेना. काहीतरी खुळचट आकडा दाखवायचा, आधी वजाबाकीचं चिन्ह. मग मी हसून वजन भरायची. मला वाटलं, मुलीने सुधारला. आता ती घरी बसल्यापासून पुन्हा बंद पडायला लागलाय."

कर्नल लोखंडी कपाटाला टेकून उभी होती. ती आता हलली. "सिस्टर, तो बरा झाला तेव्हा भिंतीवरच्या रेघा कशा होत्या?"

सिस्टरांनी आठवून पाहिलं. "गुळगुळीत. हो, त्याच दिवसांत त्या सुधारल्या. आणि ते प्रशिक्षक गेल्यापासून पुन्हा अडखळतायत. मी पोरींना म्हटलंही, यंत्रालासुद्धा धसका बसलाय."

"केबल तीच आहे. प्रोग्रॅमला मुलीने हात लावलेला नाही. तरी दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या आणि एकदम परत जागेवर आल्या." कर्नल माझ्याकडे वळली. "दादा, बिघडलेला प्रोग्रॅम आपोआप सुधारत नसतो. चोर पकडले जाईनासे झाले तर चोर सुधारले असं कुणी म्हणतं का? पहारेकरी गेला होता."

"पहाऱ्याचा आणि रेघांचा काय संबंध?" मी विचारलं.

"रेघेतला प्रत्येक ठिपका कर्नलच्या दारातून जातो. दर ठिपक्याला पत्ता तपासायचा. जुन्या यंत्राला तेवढंही जड जातं. तपासणी काढून टाकली की रेघा पळतात. आणि मग कुणीही यावं, कुठेही लिहावं. बहुतेक वेळा ते लिहिणं मोकळ्या जागेत पडतं, काही बिघडत नाही, फक्त एक खुळचट आकडा दिसतो. त्या दुपारी ते खुद्द कर्नलच्या जागेत पडलं."

सिस्टर ऐकत होत्या. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "पण मग नवजात बाळांच्या वॉर्डात रेघा अजून गुळगुळीत कशा?"

कर्नलचा हात दाराच्या कडीकडे गेला.

"तिथेही मुलीचा प्रोग्रॅम आहे?" कर्नलने विचारलं.

"आहे ना. आजही चालवला असेल."

६

माझ्या बहिणीला मी लहानपणापासून ओळखतो. तिला पळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

नवजात वॉर्डात काचेच्या पेट्यांची रांग होती. आत तळहाताएवढी बाळं, आणि समोर भिंतीवर रेघा. त्या इतक्या सुबक धावत होत्या की बघत राहावं. कर्नलने आधी त्या यंत्राच्या कीबोर्डची वायर काढून टाकली. मग तिथल्या नर्सला म्हणाली, "प्रत्येक पेटीजवळच्या मॉनिटरचा आवाज पूर्ण वाढवा. प्रत्येक बाळाजवळ माणूस हवा. पडद्याकडे आता कुणी बघायचं नाही."

थोरल्या सिस्टर सोबत होत्या म्हणून तिचं कुणी ऐकलं. पाच-दहा मिनिटांत पेट्यांपाशी माणसं उभी राहिली. त्यात एक झाडूवाली होती आणि एक बाप.

संचालक आले, मुख्य डॉक्टर आले. त्यांच्या मागून संगणकप्रमुख.

"हे काय चाललंय?" संगणकप्रमुख म्हणाले. "चालू वॉर्डात कुणाच्या परवानगीने..."

"एक साधा प्रश्न आहे," कर्नल म्हणाली. ती यंत्रासमोर अशी उभी होती की कीबोर्ड दिसावा, सुटलेली वायर दिसू नये. "हा कर्नल तोच ना, जो सगळ्या हॉस्पिटलमध्ये आहे? ज्याला कुणी हात लावलेला नाही?"

"तोच."

"मग इथे मी मुलीचा प्रोग्रॅम वजन न भरता चालवते. त्या वॉर्डात तुमच्यासमोर चारपाच वेळा चालवला, काही झालं नाही. इथेही होणार नाही. बरोबर?"

तिने कीबोर्डवर बोट ठेवलं.

"नको!" ते ओरडले. एका पेटीतलं बाळ दचकून रडायला लागलं. "हात लावू नका त्याला. नको, प्लीज!"

कर्नलने बोट उचललं आणि सुटलेली वायर सगळ्यांना दाखवली. संगणकप्रमुख त्या वायरीकडे बघत राहिले. मग तिथल्याच एका स्टुलावर बसले.

७

संचालकांच्या खोलीत कर्नलने सगळं एका दमात सांगितलं. ते मी उतरवून घेतलं, त्यातलं थोडंच इथे देतो.

"पहिला संशय कंपनीच्या माणसावर जातो, कारण रेघा सुधारल्या तेव्हाच तो येऊन गेला. पण त्याची केबल अजून जागेवर आहे आणि रेघा बिघडल्यात. शिवाय यंत्र गोठल्यावर कुणीतरी पहारा परत बसवला, आणि त्या वेळी ते यंत्र यांच्या खोलीत कुलपात होतं. तरीही मी म्हटलं असतं, यांच्या नकळत कुणी शिरलं असेल. पण हे स्वतःच म्हणाले की माझ्या टेबलावर उणे आकडा दिसला. पहारा असताना तो आकडा दिसूच शकत नाही. म्हणजे यांच्या टेबलावर बिनपहाऱ्याचा कर्नल होता. त्याची चाचणी तिथेच झाली. आणि आत्ता बाळांच्या वॉर्डात, एक निरुपद्रवी बटण दाबू नका म्हणून हे ओरडले. ते निरुपद्रवी नाही, हे आम्हाला सोडून या इमारतीत फक्त एकालाच माहीत होतं."

मुख्य डॉक्टर खवळले होते. "एवढे दिवस तुम्हाला माहीत होतं, बाळांच्या वॉर्डात तसंच यंत्र आहे!"

"सांगितलं असतं तर कळलं असतं सगळ्यांना," संगणकप्रमुख म्हणाले. आवाज आताही मृदूच होता. "ते यंत्र रात्रीतून बदलायला मला कारण सापडत नव्हतं. सापडलं असतं. रोज म्हणायचो, उद्या." मग त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "त्या मीटिंगमध्ये तुम्ही म्हणालात, गल्लीतला दुकानदारसुद्धा याहून बरा पडदा लावतो. सगळे हसले. मला त्या रेघा सरळ करून दाखवायच्या होत्या, बस. तपासणी काढली आणि सरळ झाल्या. मग बाळांच्या वॉर्डातही तेच केलं. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत."

मारली होती डॉक्टरांनी थाप.

"पण प्रोग्रॅम तिचाच चुकला होता!" संगणकप्रमुख एकदम म्हणाले. "तिची चूक नसती तर काहीच झालं नसतं. हे तरी खरं आहे की नाही?"

"खरं आहे," कर्नल म्हणाली. "ती चुकली. सिस्टर चुकल्या, वजन भरलं नाही. डॉक्टर चुकले, आवाज कमी केले. माणसं आहेत, उद्याही चुकतील. मी शिकवताना मुलांना कर्नलवर कचरा फेकायला लावायची. उलटे आकडे, खोटे पत्ते, रिकाम्या जागा, सुचेल ते. तेवढं खाऊन जो उभा राहील तोच कर्नल. इतरांनी चुकावं आणि कुणी मरू नये, एवढ्यासाठीच तुमचं काम होतं. ते तुम्ही काढून टाकलंत, आणि माणूस मेल्यावर बोट मुलीकडे दाखवलंत. पहिल्या गोष्टीला मी चूक म्हणेन. दुसरीला नाही म्हणणार."

संचालकांनी फोन उचलला. पुढचं काम पोलिसांचं होतं आणि मला त्यात रस नव्हता.

मग कर्नल त्यांना म्हणाली, "प्रशिक्षकाच्या पत्नीला तुम्ही स्वतः जाऊन सांगा. पत्र पाठवू नका."

"काय सांगू?"

"जे झालं ते."

८

मुलगी कामावर परत आली. परतल्यावर आधी तिने ती ओळ दुरुस्त केली, आणि मग कर्नलकडे येऊन विचारलं की असा कचरा फेकायला शिकवाल का. हल्ली ती सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येते. दोघी मिळून हॉस्पिटलच्या यंत्रांवर काय काय फेकता येईल ते शोधत बसतात. चहा मला करावा लागतो.

एका सकाळी मी माझी गुडघ्याची गोळी आणायला हॉस्पिटलच्या औषध विभागात गेलो होतो. दोन काउंटर चालू होते. एकासमोर चिटपाखरू नव्हतं. दुसऱ्यावर ती मुलगी बसली होती आणि तिच्यासमोर बरीच रांग होती. रांगेत प्रशिक्षकाची पत्नी उभी होती.

रिकाम्या काउंटरवरच्या माणसाने तिला हाक मारली, "बाई, इकडे या, इकडे कुणी नाही."

"असू दे," ती म्हणाली.

मी बाकावर बसून राहिलो. रांग सावकाश सरकत होती. तिची पाळी आली तेव्हा मुलीने मान वर केली आणि तिच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. बाईने चिठ्ठी पुढे केली. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, रोजच्या. मुलीने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, पाकिटावरचं नाव चिठ्ठीशी ताडून पाहिलं आणि गोळ्या समोर ठेवल्या.

"सकाळी एक, मावशी. खाल्ल्यानंतर."

बाईने पाकीट न उघडता, न बघता पिशवीत टाकलं.

"पुढच्या महिन्यात तूच असशील ना इथे?" तिने विचारलं.

"असेन."

"बरं," ती म्हणाली, आणि मागच्या माणसाला जागा करून देत बाजूला झाली.